पाणी कितीला आलंय?

दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू झाले की कथा मागताना बहुतेकजण एक पुस्ती जोडतात, "तुमच्या भागातलं काहीतरी द्या." 'तुमच्या भागातलं' म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढं काय असतं ते मला आता पाठ झालंय. तालीम, फेटा, तांबडा-पांढरा आणि दर दोन वाक्यांनंतर एक 'नाद खुळा'. माझ्या डोक्यात मात्र कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतलं एक घर होतं, आणि ऑगस्ट 2019 चा पहिला आठवडा.

गोष्ट म्हटलं तर एवढीशीच. घरात सासरा, मुलगा, सून आणि शिकायला राहिलेली भाची. गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला, म्हणजे कारखान्यात निम्म्या मूर्ती रंगाला आलेल्या, निम्म्या अजून पांढऱ्याफटक. पंचगंगा नदी चढायला लागते. एका रात्रीत मूर्ती हलवायच्या आहेत आणि त्यावरून घरातलं जुनं दुखणं वर येतं. माणसं मला दिसत होती, भांडण ऐकू येत होतं. पण ती सगळी कुठल्याही नदीकाठच्या कुठल्याही गावात भांडली असती, अशी होती. सांगलीत भांडली असती, कऱ्हाडात भांडली असती.

मी राहते राजारामपुरीत. शाहूपुरी इथून चालत जाण्याच्या अंतरावर, मधे फक्त रेल्वे. तरी 2019 च्या महापुराची माझी आठवण आणि कुंभार गल्लीची आठवण यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. आम्ही वरच्या अंगाला. आमच्या दारात पाणी आलं नाही, उलट नळाचंही गेलं, कारण नदीकाठची उपसा केंद्रंच बुडाली. शहराच्या खालच्या अंगाला घरं पाण्यात आणि वरच्या अंगाला आम्ही घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभ्या. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, त्यामुळं बाहेरून गाडी येईना. पेट्रोल मिळेना, दूध-भाजीची ओढाताण. माझा महापूर असा कोरडा होता. तो लिहिला असता तर खरा झाला असता, पण माझ्या कुंभाराच्या घरात तो कामाचा नव्हता.

म्हणून खाली उतरायला लागले. 'उतरायला' हे अगदी पायांनी. शाहूपुरीत मी आयुष्यभर जातेय. स्टँडवर जायचं तरी त्याच बाजूला. पण रिक्षातून जाताना चढ-उतार कळत नाही. एके दिवशी हातगाडीवर पत्र्याची पिंपं घेऊन चाललेल्या एका माणसाच्या मागं मागं मी चालत राहिले. तो कुठं गाडीला छाती लावून ढकलतोय आणि कुठं मागं झुकून गाडी धरून ठेवतोय, एवढंच बघत. जिथं तो मागं झुकला तिथं उतार. घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं गल्ल्या काढल्या आणि त्यांच्यावर बाण. त्यानंतर पावसाच्या सरीत छत्री घेऊन गेले आणि गटारं कुणीकडं वाहतात ते बघून बाण दुरुस्त केले. लोकांना वाटलं असेल, बाईचं काहीतरी हरवलंय.

हा नकाशा कथेत कुठंच आला नाही. पण कथेची गाठ त्यानंच मारली.

झालं असं की, मुलाच्या मनात मूर्ती टेम्पोतून राजारामपुरीच्या अंगाला, एका मंगल कार्यालयात नेऊन ठेवायच्या, असं मी लिहून बसले होते. जवळची वाट रेल्वेच्या परीख पुलाखालून. आता कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालासुद्धा माहीत आहे की परीख पुलाखाली जरा मोठी सर आली तरी पाणी तुंबतं. महापुराच्या आठवड्यात रंगवलेल्या गणपतींचा टेम्पो कोण घालील तिथून? म्हणजे वळसा. वळसा म्हणजे प्रत्येक खेपेला जास्त वेळ. डिझेल आधीच मोजकं. कागदावर हिशेब मांडला तर पाणी दारात यायच्या आत सगळ्या मूर्ती निघतच नव्हत्या. मग कुठल्या न्यायच्या? पैसे आगाऊ दिलेल्या मंडळांच्या मोठ्या, की घरगुती लहान? सासऱ्यानं हातानं केलेल्या शाडूच्या मोजक्या, की मुलानं साच्यातून काढलेल्या प्लास्टरच्या शेकड्यांनी? तोवर बाप-लेकाचं भांडण माझ्या मसुद्यात नुसतंच 'जुनं विरुद्ध नवं' असं हवेत होतं. आता त्याला टेम्पोच्या हौद्यात मावेल एवढीच जागा मिळाली, आणि ते एकदम खरं झालं. मला हे भांडण सुचलं नव्हतं. उतारानं आणि पुलानं ते माझ्याकडं आणून दिलं.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की, ठिकाण म्हणजे पात्रांच्या मागं टांगलेला पडदा नव्हे. ते पात्रांना काय करू देत नाही, ते आधी शोधावं. रंग, वास, आवाज मागाहून येतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या मोजणीची. कोल्हापुरात पावसाळ्यात दोन माणसं भेटली की "पाणी कितीला आलंय?" असं विचारतात आणि उत्तर फुटांत येतं. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची पातळी, 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. हे आकडे पाढ्यांसारखे घराघरात पाठ. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला नदी 55 फुटांच्या वर गेली. त्याच्या जोडीला राधानगरी. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे. तळं भरलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातून 1428 क्युसेक. "राधानगरीचं किती उघडलं?" हा पुढचा प्रश्न. या दोन प्रश्नांत शहराचा सगळा ऑगस्ट मावतो.

मला प्रश्न पडला तो हा, की हे आकडे माझ्या घरात कोण कसे उच्चारील? मुलगा मोबाइलवर बघणार, फूट-इंचात. सासरा आकडा ऐकणार आणि विश्वास ठेवणार नाही. त्याचं माप वेगळं: दारातल्या पायऱ्या. आणि त्याची दुसरी खूण म्हणजे नरसोबाची वाडी. पंचगंगा कृष्णेला तिथं मिळते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. वाडीच्या मंदिरात पाणी उत्तरेच्या दारानं शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो, भाविक त्या पाण्यात स्नानाला जातात. माझा म्हातारा सश्रद्ध आहेच, पण तो "वाडीत दक्षिणद्वार झालं काय?" असं विचारतो तेव्हा त्यात भक्ती किती आणि जलविज्ञान किती हे त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. हे वाक्य सापडलं त्या दिवशी मला म्हातारा सापडला.

सुनेचं माहेर मी आधी आजरा धरलं होतं, ते बदलून गगनबावडा केलं. जिल्ह्यातला सर्वांत दांडगा पाऊस तिकडचा. तिला पावसाचं भय नाही. पण गगनबावड्यात पाणी पडतं आणि वाहून जातं, डोंगर त्याला थांबू देत नाही. इथं तिनं पहिल्यांदा बघितलं की पाऊस थांबलाय, ऊन पडलंय, आणि पाणी तरी वर येतंय. माझ्या दृष्टीनं कोल्हापूरच्या पुरातली सगळ्यांत भीतिदायक गोष्ट हीच आहे, आणि इथल्या माणसाला ती सांगावीशी वाटत नाही कारण त्याला ती ठाऊकच असते. बाहेरून आलेल्या सुनेलाच ती दिसणार. त्या गल्लीत पाणी नदीकडून लोंढ्यानं येत नाही. जयंती नाल्याला फुगवटा येतो आणि ते मागल्या बाजूनं, गटारातून, मोरीतून घरात येतं. आधी बुडबुडे.

मसुद्यातला पहिला परिच्छेद असा होता:

'पंचगंगेनं रौद्र रूप धारण केलं होतं. आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळत होता. शाहूपुरीच्या गल्ल्यांत जिकडंतिकडं पाणीच पाणी झालं होतं.'

यात खोटं काहीच नाही. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर शोभलं असतं. आता जो आहे तो असा (यातले 'मामा' म्हणजे सासरा, सून त्याला तसंच हाक मारते):

'ऊन पडलं होतं. मामा दुसऱ्या पायरीवर बसून तिसरीकडं बघत होते. "मघाशी हितं फरशीची फुटकी कड दिसत हुती," ते म्हणाले. सुनेनं वाकून बघितलं. कड नव्हती. आतून मोरीतून कुणी गुळणी केल्यासारखा आवाज आला, आणि ती पदर खोचून आधी पिठाचा डबा उचलायला धावली.'

पिठाच्या डब्याबद्दल दोन शब्द. मूर्तींच्या घरात पहिल्यांदा मूर्ती उचलतील असं मला वाटायचं. गल्लीतल्या एका आजींकडं मी जाऊन बसायची. त्या मला 'बाई' म्हणत, मी शाळेत शिकवायची हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. त्यांना विचारलं, "आजी, पाणी आत आलं की आधी काय उचलायचं?" तर म्हणाल्या, "पीठ, गॅसची टाकी नि कागदं. देव काय, ते आपापलं बघत्यात." आणि हसल्या. मी ते हसूही कथेत घेणार होते, पण ते त्यांचं होतं, माझ्या सुनेला बसेना. डबा तेवढा घेतला.

त्यांच्याकडंच कारखाना जवळून बघितला. वास असा एकच नसतो तिथं. दाराशी ओल्या काथ्याचा, आत प्लास्टरच्या भुकटीचा, नाकात कोरडी खाज आणणारा, आणि रंगकामाच्या कोपऱ्यात रंगाचा. पावसाळी हवेत शाडू वाळत नाही म्हणून हॅलोजनचे दिवे लावलेले. त्या पिवळ्या उजेडात पांढऱ्या मूर्ती, डोळ्यांची आखणी अजून व्हायची. उचलताना हात धरायचा नाही, सोंड धरायची नाही, बूड धरायचं. आजींच्या नातवानं मला एक मध्यम मूर्ती उचलायला लावली. माझी हनुवटी गणपतीच्या मुकुटावर टेकली आणि समोरचं काही दिसेना. लगेच कळलं की अंधारात, पायाखाली पाणी असताना, मूर्ती नेणाऱ्याच्या पुढं कुणीतरी चालत बोलत राहायला पाहिजे: पायरी, डावीकडं, थांब. वीज तर पुरात बंदच करतात. मग भाचीला काम मिळालं. मूर्ती उचलण्याएवढी ताकद नसलेली पोरगी त्या रात्रभर सगळ्यांचे डोळे होऊन पुढं चालते. तोवर ती कथेत चहा देण्यापुरती होती.

तिची बोली आमच्या शहरातल्या पोरींची, "थांब मामा, मी पुढं होतो," अशी. संपादकांकडच्या मुद्रितशोधकानं त्याचं 'होते' केलं. मी परत 'होतो' केलं. त्यानं पुन्हा 'होते'. शेवटी फोन करून सांगितलं की कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, राहू दे.

कॅलेंडरनंही बरंच दिलं. कुंभाराचं वर्ष सणांनी हलतं, बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला नागोबा, मग गणपती. मी 2019 चं पंचांग काढून बसले तर नागपंचमी 5 ऑगस्टला. पाणी चढत होतं ते नेमके हेच दिवस. म्हणजे घरात गणपतींच्या आधी, परातींत मांडून ठेवलेले, विकायला काढलेले मातीचे नागोबा असणार, आणि गिऱ्हाईक पाण्यातून येणार कसं? हे कुठल्या कल्पनाशक्तीनं सुचलं असतं मला? करवीर नगर वाचन मंदिरात बसून त्या दिवसांची वर्तमानपत्रंही चाळली. वाचनालय 1850 सालचं, पंखे तेवढे जुने नाहीत. बातम्यांपेक्षा छोट्या जाहिराती आणि 'रद्द', 'पुढे ढकलले' असल्या निवेदनांनी जास्त सांगितलं. 1886 चं गॅझेटिअरही मोहानं उघडलं. रंजक आहे, दोन दुपारी त्यात गेल्या, पण माझ्या सुनेला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

कॅलेंडर देतं तसं काढूनही घेतं. मला उसाच्या मळीचा तो जड, गोडूस वास कथेत फार हवा होता. बावड्याच्या कारखान्याकडून वारा आला की येतो, आणि कोल्हापूर म्हटलं की माझ्या नाकात पहिला तोच. पण तो गाळपाच्या हंगामातला, थंडीतला. ऑगस्टात कुठला? गुऱ्हाळंही बंद. काढला. एका मैत्रिणीनं सुचवलं, अंबाबाईचा किरणोत्सव घाल, मावळतीची किरणं महाद्वारातून मूर्तीपर्यंत पोहोचतात, किती सुंदर दृश्य! सुंदर आहेच. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला. रंकाळाही नाही, मिसळही नाही. तांबडा रस्सा नाही, कारण श्रावण लागलेला आणि घरात म्हातारा आहे. एवढं सगळं काढल्यावर मला जरा धाकधूक वाटली की उरलं काय! उरलं ते मोरीतला आवाज, टँकर, भोंग्यावरून फिरणारी 'सुरक्षित ठिकाणी जावा'ची सूचना, दिवसा हेलिकॉप्टर. गाड्या बंद पडल्यामुळं रात्री इतकी शांतता की पलीकडच्या गल्लीतलं खोकणं ऐकू यावं.

संपादकांनी एकदाच हट्ट धरला. राजाराम बंधारा म्हणजे काय, 43 म्हणजे काय, हे नागपूरच्या वाचकाला कसं कळणार, खाली टीप द्या. मी दिली नाही. मुलगा मोबाइलमधून वर बघतो आणि म्हणतो, "त्रेचाळीस." सासरा काही बोलत नाही, उठतो आणि भिंतीवरची देवांची तसबीर खिळ्यावरून काढून माळ्यावर ठेवतो. नागपूरच्या वाचकाला यातून जे कळायचं ते कळेल. ज्या घरात हे घडतं तिथं कुणी कुणाला बंधाऱ्याचा इतिहास सांगत बसत नाही, मग वाचकाला मी मधेच उठून का सांगू? टीप आली की वाचक पर्यटक होतो.

एक निर्णय मात्र बराच काळ लोंबकळत राहिला. गल्ली खरी ठेवायची की नाही? खऱ्या कुंभार गल्लीत खरी कुटुंबं आहेत, त्यांच्यातली भांडणं त्यांची. माझ्या कथेतला बाप-लेकांचा तंटा कुणाच्या तरी दारात नेऊन टाकायचा मला अधिकार नाही. गाव पूर्ण काल्पनिक करावं तर परीख पूल जातो, जयंती नाला जातो, आणि त्यांच्याबरोबर गोष्टच जाते. शेवटी शहर जसंच्या तसं ठेवलं आणि शाहूपुरीत एक बोळ माझ्या पदरचा घातला. तोही बाणांच्या नकाशावर बसेल असाच, दोन खऱ्या गल्ल्यांच्या मधे, उताराच्या पायथ्याला. बोळाला नाव दिलं नाही. कोल्हापूरचा वाचक तो शोधायला जाणार हे मला माहीत होतं. छापून आल्यावर एकानं छातीठोकपणे सांगितलंही की तो बोळ त्याच्या आत्याच्या घरामागचा.

कथा पाठवायच्या आधी आजींना वाचून दाखवली. त्यांचं घर त्यात नाही याची खात्री त्यांनी दोनदा करून घेतली. मग डोळे मिटून ऐकलं. टेम्पोच्या खेपांना मान हलवली, भाचीला "गुणाची हाय" म्हणाल्या. संपल्यावर मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. त्या म्हणाल्या, "नागोबांचं काय झालं मग? परातीतल्या?"

मी त्यांना तिसऱ्या पानावर सोडलं होतं.

"पाण्यात गेले असतील," मी म्हणाले.

"गेले म्हंजे? भाजलेले नव्हते न्हवं?" त्यांनी विचारलं. "कच्ची माती ती. पाणी लागलं की परातीतच बसत्या. पाणी उतरलं की गाळ वरचा काढायचा, खालची माती मळायला घ्यायची. टाकत न्हाई आमी."

शेवटचं पान मी घरी येऊन पुन्हा लिहिलं. पूर ओसरल्यावर मुलगा फुटक्या प्लास्टरचे तुकडे पोत्यात भरतोय, आणि सून परातीतला गाळ बोटानं बाजूला करून विचारते, "मामा, ही माती धरायची का?"